इराणच्या सरकारी कचेरीतली दुपार

इराणमधील बहुतेक सरकारी कचेऱ्यांत दुपारी बाराच्या सुमारास कामाचा वेग मंदावतो, फायली मिटल्या जातात, खिडक्यांमागची माणसे एकेक करून उठू लागतात आणि त्यानंतरचा तास-दीड तास ‘नाहार ओ नमाज’ या जोडनावाने ओळखला जातो. नाहार म्हणजे दुपारचे जेवण आणि नमाज म्हणजे मध्यान्हीची प्रार्थना. ही दोन्ही एकाच सुट्टीत उरकायची असल्यामुळे या वेळेचा आरंभ आणि शेवट सहसा काटेकोर राहत नाही. कामासाठी आलेल्या नागरिकाला, ज्याला इराणी प्रशासनात ‘अर्बाब-ए रोजू’ म्हणतात, हा काळ बाकावर बसून काढावा लागतो. आणि तो संपल्यावर ज्याची सही हवी तो अधिकारी बैठकीला गेलेला असला, की ‘एमरूज बोरो, फर्दा बिया’, म्हणजे ‘आज जा, उद्या ये’, हे इराणी माणसाच्या तोंडी रुळलेले वाक्य पुन्हा एकदा खरे ठरते. त्यामुळे सरकारी नोकरांच्या कमी उत्पादकतेचा विषय निघाला की जेवणाच्या सुट्टीवर सहज ठपका ठेवला जातो. हा ठपका समजण्यासारखा असला तरी तो चुकीच्या जागी ठेवलेला आहे, असे या विषयाचा इतिहास आणि अर्थकारण पाहता म्हणावे लागते. त्या तासाभरात वेतनाचा एक भाग, धर्माचरण, हुद्द्यांची उतरंड आणि सहकाऱ्यांमधील जिव्हाळा अशा अनेक गोष्टींची देवघेव होत असते, आणि कचेरी ज्या कारणांनी संथ चालते ती कारणे बहुतांशी त्या तासाच्या बाहेरची आहेत.

इराणी घरात दिवसाचे मुख्य जेवण परंपरेने दुपारचे मानले गेले आहे. सकाळी नान, पनीर आणि गोड चहा, दुपारी भात आणि कालवण, रात्री हलके काही, असा हा क्रम. आणि दुपारी पुरुषमाणसांनी घरी परतून ‘सोफ्रे’ या जमिनीवर अंथरलेल्या कापडाभोवती कुटुंबासह जेवायचे व थोडी वामकुक्षी घ्यायची, ही जुन्या शहरांतील रीत होती. आधुनिक नोकरशाही या रीतीच्या अंगावर चढवली गेली. नागरी नोकरभरतीचा पहिला कायदा १९२२ मध्ये झाला, रेझा शाह यांच्या कारकिर्दीत (१९२५ ते १९४१) मंत्रालयांचा विस्तार झाला, १९६६ मध्ये दुसरा कायदा आला आणि २००७ मध्ये मंजूर झालेल्या नागरी सेवा व्यवस्थापन कायद्याने सरकारी कर्मचाऱ्याचा आठवडा ४४ तासांचा ठरवला. या काळात तेहरान पसरत गेले, घर आणि कचेरी यांतील अंतर वाढले, वाहनांची कोंडी नित्याची झाली, आणि दुपारी घरी जाऊन जेवणे बहुतेकांना अशक्य होऊन बसले. मुख्य जेवणाची वेळ मात्र दुपारचीच राहिली. म्हणजे जे जेवण पूर्वी घराच्या जबाबदारीचे होते ते कचेरीच्या जबाबदारीचे झाले, आणि इराणी सरकारी नोकर दुपारच्या ताटाकडे केवळ मधल्या वेळचे खाणे म्हणून का पाहत नाही, याचे उत्तर या बदलात आहे.

कचेरीबाहेर काम करणाऱ्यांची दुपार वेगळी असते. बाजारातील व्यापारी व अडते यांच्यासाठी चेलो-कबाबची दुकाने असतात. कष्टकऱ्यांसाठी ‘कहवेखाने’, म्हणजे नावाने कॉफीची पण प्रत्यक्षात चहाची आणि जेवणाची दुकाने, आणि तेथे मिळणारे ‘दीझी’. दीझी हे खरे तर भांड्याचे नाव. त्या उभट दगडी किंवा धातूच्या भांड्यात मटण, चरबी, चणे, पांढरा घेवडा, बटाटा, टोमॅटो आणि वाळवलेले लिंबू कित्येक तास मंद आचेवर शिजवतात. जेवणारा प्रथम भांड्यातला रस्सा वाडग्यात ओतून घेतो, त्यात नानचे तुकडे कुस्करून ‘तिलित’ करतो आणि ते आधी खातो. मग उरलेला ऐवज भांड्यातच बत्त्यासारख्या ‘गूश्त-कूब’ने चेचून त्याचा लगदा कच्चा कांदा, लोणचे आणि ताज्या पाल्याबरोबर नानमध्ये भरून खातो. हे जेवण दोन टप्प्यांत होते, दोन्ही हात गुंतवते आणि घाई चालवून घेत नाही. संगणकासमोर बसून, एका हाताने कळफलक चालवीत उरकायचे जेवण इराणी परंपरेला ठाऊकच नव्हते, हे दीझीकडे पाहिल्यावर उमगते.

सरकारी भोजनगृहात दीझीपेक्षा भाताचे राज्य असते. तांदूळ अर्धवट उकडून, पाणी काढून, पुन्हा वाफेवर शिजवलेला मोकळा भात म्हणजे ‘चेलो’, आणि त्यावर घेण्याचे दाट कालवण म्हणजे ‘खोरेश्त’. आठवड्याच्या पत्रकात ठरावीक नावे फिरत राहतात. मेथी, कोथिंबीर, अजमोदा आणि पातीचा लसूणवर्गीय पाला तेलात परतून, राजमा, मटण आणि वाळवलेली लिंबे घालून केलेली ‘गोर्मे सब्जी’. पिवळ्या डाळीची, वर तळलेल्या बटाट्याच्या काड्या पसरलेली ‘गेमे’. घेवड्याच्या शेंगांचा ‘लूबिया पोलो’. आणि ‘जेरेश्क पोलो बा मोर्ग’, म्हणजे कोंबडीबरोबर वाढलेला, जेरेश्क नावाच्या आंबट तांबड्या फळांचा भात. दक्षिण खोरासान प्रांतात विपुल पिकणारे हे जेरेश्क मुंबईकरांना अपरिचित नाही. बॅलार्ड इस्टेटमधील कचेऱ्यांच्या गर्दीत १९२३ पासून चालत आलेल्या ब्रिटानिया या इराणी झरतुष्टी कुटुंबाच्या उपाहारगृहातील बेरी पुलावात तेच असते, आणि त्या उपाहारगृहाची ओळखही मुख्यतः दुपारच्या जेवणाची आहे.

अनेक इराणी कचेऱ्यांत आणि विद्यापीठांत हे जेवण आधी नोंदवावे लागते. पूर्वी त्यासाठी ‘झेतोन’ नावाचे कागदी टोकन मिळे, आता संगणकावरच्या नोंदणीने तेच काम होते. ताटाबरोबर दही किंवा ‘दूग’ हे ताकासारखे पेय, कधी कांदा, कधी कोशिंबीर, आणि शेवटी चहा. एवढ्या भातानंतर येणारी सुस्ती हा जेवणावरचा नेहमीचा आक्षेप आहे, आणि तो निराधार नाही; परंतु दुपारी एक ते तीनच्या दरम्यान सावधपणा कमी होणे हा शरीराच्या अंतर्गत घड्याळाचाही भाग आहे, जेवण न घेतलेल्या माणसातही ही घसरण दिसते आणि जड जेवण ती फक्त वाढवते, हे निद्रेच्या अभ्यासकांनी दाखवून दिलेले आहे.

जेवणाला जोडून येणाऱ्या नमाजाचे वेळापत्रक समजून घेतल्याशिवाय या सुट्टीचा आकार कळत नाही. शिया पंथात ‘झोहर’ म्हणजे मध्यान्हीची आणि ‘अस्र’ म्हणजे दुपारनंतरची, अशा दोन प्रार्थना लागोपाठ म्हणण्याची मुभा आहे आणि इराणमध्ये तीच सर्वसाधारण प्रथा आहे. त्यामुळे दिवसातून पाच वेळा नव्हे तर तीनच वेळा अजान ऐकू येते आणि कचेरीच्या दिवसात प्रार्थनेसाठी एकदाच उठावे लागते. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे. परंतु झोहरची वेळ घड्याळावर नव्हे तर सूर्यावर ठरते, आणि तेहरानमध्ये ती वर्षभरात सुमारे पावणेबारा ते सव्वाबारा यांच्या आसपास हलत राहते. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत २०२२ मध्ये कायद्याने रद्द होईपर्यंत ती उन्हाळ्यात एकच्या पुढे जात असे. हातपाय धुण्यासाठी नळापाशी लागणारी रांग, नमाजखान्यातील सामूहिक प्रार्थना, मग भोजनगृहातील दुसरी रांग, अशा तीन टप्प्यांत विभागलेली ही सुट्टी कागदावर अर्ध्या तासाची ठेवली तरी प्रत्यक्षात त्यात मावत नाही. शिवाय सरकारी नोकरीत निवडीसाठी ‘गोझीनेश’ नावाची वैचारिक व धार्मिक छाननी असते, जिचा कायदा १९९५ चा आहे. ज्या व्यवस्थेत धर्माचरण नोकरीच्या पात्रतेशी जोडलेले आहे तेथे सामूहिक प्रार्थनेतील उपस्थिती ही निव्वळ खाजगी बाब उरत नाही, आणि श्रद्धेने जाणारा कोण व दिसावे म्हणून जाणारा कोण हे बाहेरच्याला ठरवता येत नाही.

कचेरीतील माणसांचे परस्परसंबंध जेवणात आणि चहात जितके उघड होतात तितके फायलींत होत नाहीत. ‘आबदारखाने’ ही प्रत्येक मजल्यावरची छोटी खोली, जेथे समोवारवर किंवा शेगडीवर चहा सतत तयार असतो, आणि ती सांभाळणारा ‘आबदारची’ हा शिपाई ट्रेमधून काचेचे पेले घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतो. साहेब आत आहेत की नाहीत, कोणाच्या खोलीत पाहुणे आहेत, कोणाचा चहा नाकारला गेला, हे त्याला सर्वांआधी कळते. वरिष्ठांचे ताट अनेक ठिकाणी त्यांच्या खोलीत जाते, कनिष्ठ भोजनगृहात जातात, आणि घरून डबा आणणारे आबदारखान्यातल्या मायक्रोवेव्हपाशी जमतात. अशा वेळी कोणी परका दारात आला तर जेवणाऱ्याने ‘बेफर्मायीद’, म्हणजे ‘या, घ्या’, म्हणायचे आणि आलेल्याने ‘नूश-ए जान’, म्हणजे ‘आपण सुखाने जेवा’, म्हणत नम्रपणे नकार द्यायचा, हा ‘तारोफ’ या शिष्टाचाराचा भाग आहे. अर्ज घेऊन आलेला नागरिक आणि घास हातात धरलेला कारकून यांच्यात हा संवाद झाला की कामाचे बोलणे आपोआप पुढे ढकलले जाते, कारण जेवणाऱ्या माणसाला कामाला लावणे असभ्य ठरते. त्यात कोणाचाही कामचुकारपणा नसतो. दोघेही चांगल्या वळणाने वागत असतात.

आधुनिक फारसी लघुकथेचे जनक मानले जाणारे मोहम्मद-अली जमालजादे यांची ‘कबाब-ए गाझ’ ही कथा या विषयाशी थेट निगडित आहे. कचेरीतील सहकाऱ्यांनी आपसांत ठरवलेले असते की ज्याला प्रथम बढती मिळेल त्याने इतरांना भाजलेल्या हंसपक्ष्याची मेजवानी द्यायची, आणि बढती मिळालेल्या निवेदकाची त्यापायी उडालेली तारांबळ हे कथेचे सूत्र आहे. ही कथा इराणी शाळांच्या फारसी पाठ्यपुस्तकात शिकवली जाते. बढती, अपत्यजन्म, नवी गाडी अशा प्रसंगी सहकाऱ्यांत मिठाईचा डबा फिरवणे ही चाल आजही कचेऱ्यांत आहे, आणि अन्न वाटल्याशिवाय कचेरीतले यश पुरे होत नाही ही समजूत तिच्या मुळाशी आहे.

जेवण हा वेतनाचाही भाग आहे, आणि याकडे उत्पादकतेच्या चर्चेत पुरेसे लक्ष दिले जात नाही. १९९० च्या कामगार कायद्यातील कलम १५१ नुसार रस्तेबांधणीसारख्या, वस्तीपासून दूर चालणाऱ्या तात्पुरत्या कामांवर मालकाने तीन वेळचे योग्य व स्वस्त जेवण पुरवले पाहिजे आणि त्यातील निदान एक वेळचे गरम असले पाहिजे. कलम १५० प्रार्थनेसाठी जागेची आणि रमजानमध्ये कामाच्या वेळा जुळवून घेण्याची सक्ती करते. सरकारी नोकरांना हा कायदा लागू नसला तरी मालकाने जेवू घालावे ही अपेक्षा दोन्हीकडे सारखीच आहे. काही कचेऱ्या भोजनगृह चालवतात, काही जेवणाचा भत्ता देतात. २०१८ मध्ये अमेरिका अणुकरारातून बाहेर पडून निर्बंध पुन्हा लादले गेल्यानंतर महागाईचा वार्षिक दर सलग अनेक वर्षे ३० टक्क्यांच्या वर राहिला, आणि मे २०२२ मध्ये अन्नधान्याच्या आयातीसाठीचा सवलतीचा विनिमयदर काढून घेतल्यावर तेल, कोंबडी, अंडी आणि दुग्धपदार्थ यांच्या किमती एकदम उसळल्या. अशा काळात पगार रियालमध्ये गोठलेला असतो, पण ताटातली कोंबडी ही महागाईपासून वाचलेली मिळकत असते. रोख भत्ता काही महिन्यांत विरघळतो, भाताचे ताट विरघळत नाही. म्हणून कचेरीतील जेवण बंद करण्याच्या कोणत्याही प्रस्तावाला कर्मचारी वेतनकपात समजतात, आणि ते समजणे बरोबर आहे.

आता उत्पादकतेकडे वळता येईल. इराण १९६५ पासून आशियाई उत्पादकता संघटनेचा सदस्य आहे, देशात स्वतंत्र राष्ट्रीय उत्पादकता संस्था आहे, आणि पंचवार्षिक विकास योजनांनी वार्षिक ८ टक्के आर्थिक वाढीचे उद्दिष्ट ठेवताना त्यातील सुमारे एक-तृतीयांश वाढ उत्पादकतेतून यावी, असे वारंवार ठरवले आहे. याच्या बरोबरीने इराणी वृत्तपत्रांत ‘साअत-ए कार-ए मुफीद’, म्हणजे दिवसातील प्रत्यक्ष उपयोगी कामाचे तास, याविषयीचे आकडे वरचेवर येतात. कोणी ते काही मिनिटांत सांगतो, कोणी एक-दोन तासांत. मोजण्याची रीत क्वचितच सांगितली जाते आणि एक आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. कारखान्यात बाहेर पडलेले नग मोजता येतात, परंतु परवाना देणाऱ्या टेबलाचे काम त्या रीतीने मोजता येत नाही. ज्याचे काम दहा मिनिटांत झाले तो नागरिक आणि ज्याला पाच खेपा घालाव्या लागल्या तो नागरिक, दोघांच्याही कागदावर अखेरीस एकच शिक्का उमटतो. म्हणूनच कर्मचाऱ्याचा वेळ मोजण्यापेक्षा कागदाचा प्रवास पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

एखादा साधा अर्ज घेतला तर तो प्रथम ‘दबीरखाने’, म्हणजे आवक-जावक विभागात जातो आणि ‘अंदिकातोर’ या नोंदवहीत, किंवा आता तिच्या संगणकीय रूपात, त्याला क्रमांक व तारीख मिळते. तेथून तो विभागप्रमुखाकडे जातो. तो समासात शेरा मारून अर्ज उपप्रमुखाकडे, उपप्रमुख ‘कारशेनास’ म्हणजे विषयतज्ज्ञाकडे पाठवतो. कारशेनास मसुदा करतो, त्यावर कोपऱ्यात छोटी सही करतो, मसुदा त्याच पायऱ्यांनी वर चढतो, प्रत्येक पायरीवर आणखी एक छोटी सही जमते, शेवटी प्रमुखाची पूर्ण सही, शिक्का आणि जावक क्रमांक. या साखळीत सहा-सात माणसे असतात आणि त्यांतील प्रत्येकाची दुपारची सुट्टी, चहा, बैठक आणि तासाभराची रजा वेगवेगळ्या वेळी येते. दोन माणसांच्या साखळीत जेवणाची सुट्टी एक तास खाते. सात माणसांच्या साखळीत तीच सुट्टी अख्खा दिवस खाते. दोष ताटाचा नसून साखळीच्या लांबीचा आहे, हे येथे स्पष्ट दिसते. ‘कागज-बाझी’ या नावाने इराणी लोक ज्या पद्धतीला बोल लावतात ती हीच पद्धत आहे. ती टिकून राहण्याचे कारण असे की प्रत्येक सही जबाबदारी वाटून घेते. एकट्याने निर्णय घेणारा अधिकारी चौकशीत एकटा सापडतो, आणि ज्या देशात धोरणे व वरिष्ठ वारंवार बदलतात तेथे एकटे सापडण्याची भीती खरी आहे.

दुसरे कारण पगाराचे. तेलाच्या उत्पन्नावर उभ्या राहिलेल्या शासनाने नोकरी हे संपत्ती वाटण्याचे साधन म्हणूनही वापरले आणि सरकारी कर्मचाऱ्यांची संख्या वीस लाखांच्या वर गेली. माणसे अनेक आणि पगार तुटपुंजा, या स्थितीत राज्यघटनेचे कलम १४१ एकाच व्यक्तीस दोन सरकारी पदे घेऊ देत नसल्यामुळे जोडधंदा खाजगी क्षेत्रात शोधला जातो. दुपारनंतर टॅक्सी चालवणारा, शिकवण्या घेणारा किंवा नातेवाइकाच्या दुकानात बसणारा सरकारी नोकर इराणी शहरांत सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याची खरी ताकद दिवसाच्या दुसऱ्या पाळीसाठी राखून ठेवलेली असते, आणि जेवणाची सुट्टी अर्ध्यावर आणून ती ताकद कचेरीला परत मिळण्यासारखी नाही.

नोकरदार स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक कठीण होतो. इराणमध्ये स्त्रियांचा श्रमबाजारातील सहभाग २० टक्क्यांच्याही खाली आहे, पण शिक्षण आणि आरोग्य यांसारख्या सरकारी क्षेत्रांत त्या मोठ्या संख्येने आहेत. घरचे दुपारचे मुख्य जेवण अजूनही बहुधा त्यांच्याच माथी असल्यामुळे आदल्या रात्री खोरेश्त शिजवून ठेवणे, शाळेतून परतणाऱ्या मुलांसाठी वेगळे काढणे आणि स्वतःचा डबा भरणे, हे सर्व कचेरीचा दिवस सुरू होण्यापूर्वीच झालेले असते. २०१६ च्या एका कायद्याने सहा वर्षांखालील मुले असलेल्या किंवा घरात गंभीर आजारी व अपंग माणसे असलेल्या नोकरदार स्त्रियांचा आठवडा ४४ वरून ३६ तासांवर आणला. ही सवलत न्याय्य आहे, पण ती फक्त स्त्रियांना दिल्यामुळे स्वयंपाक कोणाचा हा प्रश्न तिने स्पर्शिला नाही.

जेवण काढून घेतले तर काय होते, याची परीक्षा इराणमध्ये दरवर्षी दोनदा आपोआप घडते. रमजानमध्ये कचेऱ्या उशिरा उघडतात, भोजनगृहे बंद असतात आणि सार्वजनिक ठिकाणी खाणे दंडनीय असते. तरीही त्या महिन्यात कामे झपाट्याने होतात असे कोणी म्हणत नाही, उलट महत्त्वाची कामे ईदनंतर करू, असेच सांगितले जाते. दुसरी परीक्षा उन्हाळ्याची. दुपारच्या वातानुकूलनाने विजेची मागणी शिगेला पोहोचू लागल्यावर २०२४ आणि २०२५ च्या उन्हाळ्यात सरकारी कचेऱ्यांची वेळ सकाळी ६ ते दुपारी १ अशी करण्यात आली. या वेळापत्रकात नाहारला जागाच उरत नाही आणि झोहरची नमाज सुटण्याच्या घाईत येऊन पडते. वीज वाचवणे हा त्यामागचा हेतू होता आणि तो रास्त होता. पण सह्यांची साखळी त्यामुळे आखूड झाली नाही, नागरिकाला खिडकी गाठण्यासाठी मिळणारे तास मात्र कमी झाले.

जेथे साखळीच बदलली गेली तेथे फरक पडला आहे. ‘पीशखान-ए दौलत’ ही खाजगी चालकांनी चालवलेली सेवाकेंद्रे आणि पोलिसांच्या कामांसाठीची ‘पोलीस बे-अलावे-ए दह’ ही केंद्रे यांनी पारपत्र, वाहनपरवाना, अर्जभरणा अशी अनेक कामे मूळ कचेरीच्या खिडकीतून बाहेर काढली. तेथे काम करणारी माणसेही दुपारी जेवतातच. परंतु अर्ज एकाच टेबलावर पुरा होत असल्यामुळे त्यांच्या जेवणाची झळ रांगेला फारशी लागत नाही. २००२ मध्ये प्रशासनाच्या उच्च परिषदेने नागरिकांच्या सन्मानासाठी केलेली योजना तक्रारपेट्या आणि समाधानाच्या पत्रकांपुरती जितकी राहिली, त्यापेक्षा या केंद्रांनी अधिक साधले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

मे २०२४ मध्ये इराणी संसदेने आठवडा ४० तासांवर आणून शुक्रवारबरोबर शनिवारची सुट्टी देण्याच्या बाजूने मत दिले. गुरुवार-शुक्रवार बंद ठेवल्यास बाहेरच्या जगाशी व्यवहाराचे समाईक दिवस सोमवार ते बुधवार असे तीनच उरतात, हा त्यामागचा व्यापारी युक्तिवाद होता. शनिवारच्या सुट्टीला धार्मिक वर्तुळांतून विरोध झाला आणि पुढे संसदेत गुरुवारचा पर्याय पुन्हा चर्चेत आला. सुट्टीचा दिवस कोणताही ठरला तरी ४० तास पाच दिवसांत बसवायचे म्हणजे रोजचे ८ तास आले, आणि सकाळी सातला कामावर आलेला माणूस दुपारी तीनपर्यंत उपाशी ठेवता येत नाही. उन्हाळ्यापुरते गायब झालेले नाहार अशा वेळापत्रकात उरलेले वर्ष हक्काने परत येईल, आणि त्या वेळी संसदेपुढे खरा प्रश्न असेल तो कोणत्या कचेरीत ते शिजवायचे, त्याचा खर्च कोणाच्या अंदाजपत्रकात धरायचा आणि ते चालू असताना खिडकीवर कोणी बसायचे हा.